वेळ कुठून कापला?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या एसटीच्या दोन गाड्या आणि काही खासगी वाहनं काळोखात थेट नदीत गेली. पुढे कित्येक दिवस खाडीपर्यंत शोध चालू होता. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी पावसाळ्यात काय रूप घेते ते महाडकर पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलेत. त्यामुळे नव्या पुलाची खरी मुदत कागदावर यायच्या आधीच ठरलेली होती: पुढचा पावसाळा.

काम डिसेंबरमध्ये सुरू झालं. कंत्राटात १८० दिवस दिले होते. २३९ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी, मृगाच्या तोंडावर, वाहतुकीला खुला झाला. नंतरच्या वर्षांत सावित्रीला मोठे पूर आले. २०२१ च्या जुलैत तर अख्खं महाड पाण्याखाली गेलं. तरीही तो पूल उभा आहे.

आता त्याच मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाकडे बघा. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या पहिल्या टप्प्याचं काम २०११ मध्ये सुरू झालं. कर्नाळा अभयारण्याचा प्रश्न आला, भूसंपादन अडकलं, कंत्राटदाराचे पैसे आटले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. दर वर्षी गणपतीच्या आधी खड्डे बुजवायचं आश्वासन आणि दर वर्षी नवी तारीख, असं चाकरमान्यांच्या एका पिढीने पाहिलं. आणि एवढा वेळ घेऊन झालेलं काम तरी भक्कम आहे का? १६ ऑक्टोबर २०२३ रोजी चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा मोठा भाग कोसळला. परशुराम घाटात डोंगर कापल्यावर दरडींनी किती पावसाळे रस्ता अडवला ते चिपळूणकरांना विचारावं.

रस्ता एक, पाऊस तोच, माती तीच, सरकारंही तीच. तरी एका ठिकाणी साडेपाच महिने आणि दुसरीकडे दशक उलटून गेलं. सावकाश केलेलं काम पक्कं आणि लवकर केलेलं काम कच्चं, हा आपल्याकडचा जुना समज या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही. मला त्यातून वेगळाच प्रश्न पडतो. वेळ कमी केला असं म्हणतो तेव्हा तो नेमका कुठून कमी केला? कामातून, की कामाच्या आजूबाजूला साचलेल्या थांबण्यातून?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला कोकणाबाहेर जायची गरज नाही. ते रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर पसरलेलं आहे.

कोकणात रेल्वे यावी ही मागणी फार जुनी. बॅरिस्टर नाथ पै यांनी ती संसदेत लावून धरली, मधू दंडवते यांनी तिचा पिच्छा पुरवला. सर्वेक्षणं झाली, अहवाल झाले, थोडीथोडी लाइन पुढे सरकली आणि रोह्याला येऊन थांबली. मग डिसेंबर १९८९ मध्ये दिल्लीत सरकार बदललं. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले आणि राजापूरचे खासदार दंडवते अर्थमंत्री. ते सरकार जेमतेम अकरा महिने टिकलं, पण तेवढ्या अवधीत कोकण रेल्वेसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झालं, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ या चार राज्यांचा भाग ठरला, रेल्वेतून नुकतेच निवृत्त झालेले अभियंते ई. श्रीधरन प्रमुख म्हणून आले आणि १५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्याला पायाभरणीही झाली. दशकानुदशकं फायलीत राहिलेली गोष्ट एका वर्षाच्या आत जमिनीवर उतरली. त्या वर्षात सह्याद्री काही मऊ झाला नव्हता. निर्णय घेणारी माणसं तेवढी बदलली होती.

सगळ्यात आधी ठरवली गेली ती रेल्वेमार्गाची प्रत, आणि मला या कहाणीतला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मार्ग ताशी १६० किलोमीटर वेगाला साजेसा असावा, चढ दीडशे मीटरला एक मीटरपेक्षा जास्त नसावा, वळणं रुंद असावीत, असं ठरलं. कोकणात हे म्हणजे स्वतःहून डोंगर अंगावर घेणं. थोडी तीव्र वळणं, थोडे जास्त चढ चालवून घेतले असते तर डोंगरांना वळसे घालत स्वस्तात आणि लवकर रूळ टाकता आले असते. तसं केलं नाही म्हणून ९० च्या वर बोगदे खणावे लागले, त्यांची एकूण लांबी ८० किलोमीटरच्या पुढे गेली, आणि लहानमोठे मिळून जवळपास दोन हजार पूल बांधावे लागले. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. काम कठीण करून घेतलं आणि मग मुदत धरली पाच वर्षांची.

एवढ्या कामाला पाच वर्षं धरायची तर वेळ कुठून आणायचा? सगळा मार्ग सुमारे शंभर-शंभर किलोमीटरच्या सात विभागांत वाटला गेला: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, गोवा, कारवार, उडुपी. प्रत्येक विभागाला एक मुख्य अभियंता आणि त्याच्या हाती खरे अधिकार. सरकारी बांधकामात कनिष्ठ अभियंत्याचा साधा प्रश्न टेबलामागून टेबल चढत वर जातो आणि उत्तर येईपर्यंत मोसम बदललेला असतो. इथे मधली टेबलंच कमी ठेवली होती. जागेवरच्या माणसाने जागेवर निर्णय घ्यायचा आणि त्याची जबाबदारीही घ्यायची.

दुसरा वेळ वाचला तो पैशांत. सरकारी काम केलेल्या कुठल्याही कंत्राटदाराला विचारा, त्याची झोप उडते ती बिल निघण्याच्या काळजीने. मोजमाप पुस्तिकेत नोंद व्हायची, वरच्याने तपासायची, त्याच्या वरच्याने पुन्हा तपासायची, मग लेखा विभागाच्या शंका. तोवर मजुरांचा आठवडा थकतो, मुकादम दुसऱ्या साईटवर जातो, खडीवाला उधारी बंद करतो. काम मंदावतं आणि वरून सगळ्यांना वाटतं की कंत्राटदार आळशी आहे. कोकण रेल्वेत बिल आल्याबरोबर मोठा हिस्सा देऊन टाकायचा आणि बारकाईची तपासणी करून उरलेला नंतर द्यायचा, अशी पद्धत ठेवली गेली. तपासणी तीच राहिली, तिच्यासाठी काम थांबायचं मात्र बंद झालं. कंत्राटदारांना यंत्रं घ्यायला आगाऊ रकमाही मिळाल्या. कातळ फोडायला स्वीडनहून हायड्रॉलिक ड्रिलिंग यंत्रं आली, कारण हाताने सुरुंगाची भोकं पाडत करबुडे पार व्हायला पिढी गेली असती.

जमिनीचंही तसंच. चाळीस हजारांहून अधिक खातेदार, आणि कोकणातल्या सातबाऱ्यावर किती नावं असतात ते सांगायला नको. मुंबईला गेलेला भाऊ, सासरी गेलेली बहीण, वारलेले काका, सगळे एका कागदावर. अभियंते महसूल खात्याच्या माणसांना बरोबर घेऊन गावोगावी गेले, लोकांशी बोलले, मोबदला लवकर हाती दिला. ज्या कामात एरवी वर्षंच्या वर्षं कोर्टाच्या तारखा पडतात ते काम बहुतांश भागात महिन्यांच्या हिशेबात मार्गी लागलं. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पात वाचलेला सर्वांत मोठा वेळ हाच. त्याचा फोटो कुठे छापून येत नाही, इतकंच.

फोटो येतो तो पानवल नदीवरच्या पुलाचा. रत्नागिरी सोडून गाडी दक्षिणेला निघाली की थोड्याच वेळात खिडकीबाहेरची जमीन अचानक नाहीशी होते आणि ६४ मीटर खाली झाडांचे शेंडे दिसू लागतात. एवढ्या खोल दरीत खालून आधार उभे करून वर काँक्रीट ओतायचं तर आधारांचंच एक जंगल उभारावं लागलं असतं, तेही प्रत्येक गाळ्यासाठी वेगळं. त्याऐवजी दरीच्या एका काठावर साचा मांडला. पुलाचा एक तुकडा तिथे ओतायचा, तो पक्का झाला की जॅक लावून पुढे ढकलायचा, मोकळ्या झालेल्या साच्यात मागचा तुकडा त्याला जोडून ओतायचा, पुन्हा ढकलायचं. असा चारशे मीटरच्या वर लांबीचा पूल एका काठावरून खांबांच्या डोक्यांवर सरकत सरकत पलीकडे गेला. भारतात ही पद्धत प्रथमच वापरली गेली.

या पद्धतीत वेग आणि प्रत एकमेकांच्या आड येत नाहीत. प्रत्येक तुकडा त्याच जागी, त्याच साच्यात, त्याच माणसांच्या हातून तयार होतो. ती माणसं वाऱ्यात लोंबकळत नाहीत, जमिनीवर उभी असतात. पाणी मारणं, कंप देणं, घनांची चाचणी घेणं, सगळं डोळ्यांसमोर होतं. पहिल्या तुकड्यात राहिलेली त्रुटी दुसऱ्यात सुधारता येते. मुदत कमी करण्याचा सगळ्यात चांगला मार्ग हा असावा, की ज्यात काम लवकर होतं त्याच कारणाने ते चांगलंही होतं.

काही वेळ मात्र कापता येतच नाही. काँक्रीट आपलं बळ धरायला साधारण २८ दिवस घेतं. विरजण लावलेल्या दुधाला जशी रात्र द्यावीच लागते, तसंच हे. भारतीय मानक ४५६ सांगतं की साध्या सिमेंटच्या कामाला किमान सात दिवस पाणी मारलंच पाहिजे, मिश्र सिमेंट असेल तर दहा, आणि कोरड्या उन्हाळी हवेत त्याहून जास्त. सहा मीटरपेक्षा लांब तुळईखालचे टेकू २१ दिवसांच्या आत काढायचे नाहीत. वाफ देऊन, मिश्रणात बदल करून हा काळ थोडा कमी करता येतो, पण तेव्हाही चाचणीने सिद्ध करावं लागतं की बळ आलंय. मंत्री कधी येणार आहेत यावरून टेकू काढायचा दिवस ठरवता येत नाही.

गोव्यात कोकण रेल्वेची अशाच न कापता येणाऱ्या वेळाशी गाठ पडली. आधी लोकांशी गाठ पडली. मार्ग खाडीकाठच्या खाजन जमिनींतून जातो, पाण्याच्या वाटा तुटतील, जुन्या गोव्याच्या वारशाला धक्का बसेल, अशा हरकती उठल्या. १९९३ मध्ये तिथलं काम काही महिने थांबलं आणि ओझा आयोगापुढे सुनावणी झाली. त्या काळात अनेकांनी आंदोलकांना विकासाचे शत्रू ठरवलं. मला ते कधी पटलं नाही. खाजनांची बांधबंदिस्ती शतकानुशतकं सांभाळणाऱ्या माणसाला तिथलं पाणी कुठल्या बाजूने वाहतं हे नकाशा काढणाऱ्यापेक्षा जास्त कळतं. ते ऐकायला लागलेला वेळ कामाचाच भाग होता. तो सुरुवातीला दिला असता तर स्वस्तात पडला असता.

मग माती आली. करबुड्याच्या कातळात यंत्र लावलं की रोजचे मीटर मोजता येत. गोव्याकडच्या काही बोगद्यांत कातळ नव्हताच, होती पाण्याने भिजलेली मऊ माती. खणलं की ती आधाराशिवाय उभी राहत नसे, वरून खचे, पुढे टाकलेलं पाऊल मागे घ्यायला लावी. स्वीडनची यंत्रं तिथे कुचकामी. हाताने, बोटाबोटाने पुढे जावं लागलं. पेडण्याचा दीड किलोमीटरचा बोगदा सगळ्यांत शेवटी पूर्ण झाला आणि सगळा मार्ग त्याच्यासाठी थांबून राहिला. २६ जानेवारी १९९८ रोजी पहिल्यांदा गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. पाचाची साडेसात वर्षं झाली होती. या कामात अनेक मजुरांनी आणि अभियंत्यांनी जीव गमावला. रत्नागिरी स्थानकाजवळ त्यांचं श्रमशक्ती स्मारक आहे. विक्रमांबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाने आधी तिथे उभं राहावं.

साडेसात वर्षं हे अपयश मानायचं का? मला तसं वाटत नाही. मुंबई ते मंगळूर हे अंतर २,०४१ किलोमीटरवरून ९१४ किलोमीटरवर आलं. आधीच्या पिढ्यांना जे पाहायलाही मिळालं नाही ते आठ वर्षांच्या आत झालं. पण हिशेब पुरा मांडायचा तर पुढची पानंही वाचली पाहिजेत. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला येणारी सुट्टीची खास गाडी रुळावर कोसळलेल्या दगडांवर आदळली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी १६ जूनला मत्स्यगंधा एक्स्प्रेसला महाडच्या बाजूला तसाच अपघात झाला. बोगदे टिकले, पूल टिकले. दगा दिला तो कटिंगच्या उतारांनी.

डोंगर कापला की त्याचा उतार किती सौम्य ठेवायचा यावर जमीन, पैसा आणि वेळ तिन्ही अवलंबून असतं. उतार जितका सौम्य तितकी जास्त जमीन घ्यावी लागते, जास्त माती उचलावी लागते. जांभ्याच्या आणि खालच्या मऊ थरांच्या कड्यांना दोनचार पावसाळे बघायला मिळाले तर ते कुठे सुटणार आहेत हे कळतं. धावपळीच्या वर्षांत ते पावसाळे मिळत नाहीत. मग ते गाडी सुरू झाल्यावर येतात. अपघातांनंतर महामंडळाने वर्षानुवर्षं उतार कापून सौम्य केले, जाळ्या ठोकल्या, भिंती बांधल्या, पावसात रात्रंदिवस गस्त ठेवली, गाड्यांचा वेग उतरवला. ताशी १६० चं स्वप्न पाहिलेल्या या मार्गाला दर वर्षी वेगळं पावसाळी वेळापत्रक असतं आणि त्यात गाड्या सावकाश चालतात. बांधताना वाचवलेले काही दिवस आपण आजही दर जूनपासून मिनिटामिनिटाने फेडतो आहोत. पेडण्याच्या मातीने तर २०२४ च्या जुलैतही आठवण दिली. तिथल्या मालपेच्या बोगद्यात पाणी शिरलं आणि गाड्या वळवाव्या लागल्या.

श्रीधरन यांचं नाव मुदतीआधी काम करणारे म्हणून ज्या घटनेने पहिल्यांदा झालं तीही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात रामेश्वरचा पांबन रेल्वेपूल उद्ध्वस्त झाला आणि एक प्रवासी गाडी समुद्रात गेली. सव्वाशेच्या आसपास गर्डर वाहून गेले होते. दुरुस्तीला रेल्वेने सहा महिने दिले, वरिष्ठांनी ते तीनवर आणले, आणि तरुण श्रीधरन यांच्या देखरेखीखाली पूल ४६ दिवसांत चालू झाला. सहा महिन्यांच्या अंदाजातला मोठा भाग नवे गर्डर तयार होऊन येण्याची वाट पाहण्याचा होता. कोळ्यांकडून कळलं की वाहून गेलेले गर्डर समुद्राच्या तळाशी पडले आहेत. ते उचलले, पुन्हा बसवले. लोखंड तेच, जोडण्याची रीत तीच, फक्त वाट पाहणं गळून पडलं.

मुंबईकरांना ही कला दर रविवारी मेगाब्लॉकच्या रूपाने भेटते आणि आपण तिला शिव्या घालतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये मशीद बंदरजवळचा दीडशे वर्षांहून जुना कर्नाक पूल मध्य रेल्वेने २७ तासांच्या ब्लॉकमध्ये कापून उचलला, आणि गाड्या ठरल्या वेळेआधी सुरू झाल्या. त्या तासांची तयारी आधी कित्येक आठवडे चालली होती. कुठली क्रेन कुठे उभी राहणार, कुठला तुकडा कधी कापायचा, हे सगळं ब्लॉकच्या बाहेर ठरलं. त्याच जागी नवा पूल वाहतुकीला खुला व्हायला मात्र जुलै २०२५ उजाडला. पाडायला एक दिवस आणि बांधायला अडीच वर्षं, हे गणित मला अजून बोचतं.

अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना या भागात ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज विक्रम झाला. ७२० माणसं पाळ्यांमध्ये राबली. कौतुकाची गोष्ट आहे, पण विक्रमाचं घड्याळ फक्त वरचा थर टाकण्याचं होतं. खालचा भराव, खडीचे थर, मिश्रणाचे कारखाने हे सगळं त्याआधीच उभं होतं. ही बातमी वाचून कुणी आपल्या गावच्या ठेकेदाराला पाच दिवसांत रस्ता मागायला लागला तर तो खालच्या थरांचेच पैसे आणि दिवस वाचवील.

दिसत नाही तिथे असा वेळ वाचवण्याची सगळ्यात दुखरी खूण मालवणला आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेसुद्धा पुरे झाले नाहीत. चौकशीत आतल्या सांगाड्याचा कमकुवतपणा, गंज आणि वेल्डिंगमधल्या त्रुटी पुढे आल्या. समारंभाची तारीख पक्की होती आणि समुद्राची खारी हवाही पक्की होती. दोघींपैकी तारखेचा धाक मोठा ठरला. सिंधुदुर्ग किल्ला ज्यांनी त्याच लाटांमध्ये उभा केला त्यांच्याच पुतळ्याच्या नशिबी हे यावं, याचं दुःख मला शब्दांत मांडता येत नाही.

दिल्ली मेट्रोच्या कामावर श्रीधरन यांनी उलट चालणारी घड्याळं लावली होती, उद्‌घाटनाला किती दिवस उरले ते दाखवणारी. पहिला टप्पा नियोजनाच्या बराच आधी पुरा झाला आणि देशभर त्या घड्याळांची नक्कल सुरू झाली. १२ जुलै २००९ रोजी दिल्लीत झमरूदपूरला मेट्रोचा बांधकाम चालू असलेला भाग कोसळून सहा जण दगावले. श्रीधरन यांनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला, तो स्वीकारला गेला नाही. घड्याळाची नक्कल अनेकांनी केली, त्या राजीनाम्याची केलेली फारशी दिसत नाही. आणि ज्याला चूक झाल्यावर उत्तर द्यावं लागतं त्याच्याच हातात घड्याळ असणं सुरक्षित असतं, असं मला वाटतं. मंचावरून मुदत जाहीर करणारा आणि साईटवर सही करणारा हे दोघे वेगळे असले की मुदतीच्या ओझ्याखाली सही करणारा वाकतो.

कोचीतला पालारिवट्टमचा उड्डाणपूल २०१६ मध्ये खुला झाला आणि तडे गेल्यामुळे २०१९ मध्ये बंद करावा लागला. त्याचा वरचा भाग काढून नव्याने बांधायचं काम श्रीधरन यांच्या मार्गदर्शनाखाली २०२० च्या सप्टेंबरअखेरीस सुरू झालं आणि पुढच्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात गाड्या धावू लागल्या. तेव्हा ते ८८ वर्षांचे होते. नवा पूल मुदतीआधी झाला हे सगळ्यांनी लिहिलं. पण कोचीकरांनी त्या एका पुलासाठी दोनदा बांधकामाचा त्रास सोसला आणि पैसा दोनदा गेला. पहिल्या पुलाची मुदत मोजताना ही वर्षं कुणी धरत नाही.

आपल्याकडे प्रत्येक साईटवर एक फलक असतो: कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, सुरू केल्याची तारीख, पूर्ण करण्याची तारीख. त्यावर अजून चार ओळी वाढवायला सरकारला फार खर्च नाही. मंजुरी कधी मागितली आणि कधी मिळाली. जमीन कधी ताब्यात आली. शेवटचं बिल कधी सादर झालं आणि कधी निघालं. आणि काँक्रीटच्या घनांची २८ दिवसांची चाचणी कुणी घेतली, आकडा किती आला. महामार्गावर धुळीत अडकलेल्या एसटीतल्या प्रवाशाला मग समोरचा फलक वाचून कळेल की त्याचे दिवस कुणाच्या टेबलावर गेले, आणि पलीकडून घाईने उभ्या राहणाऱ्या पुलाकडे बघून हेही विचारता येईल की चाचणीचा रकाना रिकामा का आहे.